फळा पुसणारी

आमच्या तालमीच्या कट्ट्यावरचा दिनविशेषाचा फळा आमच्यातलाच एक गडी लिहितो. कानावर खडू, पांढरी बोटं लेंग्याला पुसायची सवय, आणि एकेक ओळ लिहिली की मागं सरून अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशी वाचायची. जन्म, मृत्यू, घटना. अक्षर मात्र मोत्यासारखं, हे रागातही कबूल करतो.

चौक झाडणारी म्हातारी रोज पहाटे ओल्या फडक्यानं तो फळा पुसून ठेवायची. परवा दुपारी ती गेली. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मृत्यूच्या खाली तिचं नाव लिव."

"भावा, हितं थोरामोठ्यांची नावं लिवत्यात. म्हातारी कोन लागून गेली?"

शेजारच्याच जन्माच्या रकान्यात, गुलाबी खडूनं, नगरसेवकाच्या शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस लिहिलेला होता. माझं डोकंच सणकलं.

काल सकाळी तो खडू घेऊन आला, तर फळा आदल्या दिवसाच्या अक्षरांनी तसाच भरलेला. तो चौकात ओरडला, "आरं, आज फळा कुनी पुसला न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "पुसनारी मेली की काल. बोलाव तुझ्या बैलाला, पुसंल शेपटीनं."