ओरेस्टचं विरुद्ध मत

मार्लिस टॉलेफसनच्या ओव्हनमधून बटाटे करपल्याचा वास आला, की अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या त्या उतारावरच्या गल्लीला कळायचं, बाई पुन्हा कायदा लिहायला बसल्यात!

जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढत आलेली ही बाई. कायद्याशी तिचा संबंध आला तो नवऱ्यापायी. व्हर्लिन गोठलेल्या सरोवरावर पालथा पडून बर्फाचे आवाज टिपायचा. बर्फ कण्हतो, शीळ घालतो, मध्येच तोफेसारखा गरजतो. गल्ली त्याला वेडा ठरवून मोकळी झाली होती. पण इंटरनेटवर असल्याच वेड्यांची जगभर पसरलेली एक मंडळी होती. मालक नाही, अध्यक्ष नाही. एकमेकांचे आवाज सगळ्यांनी आपापल्या संगणकांवर वाटून सांभाळायचे. नियम बदलायचा तर प्रस्ताव लिहा, वाद घाला, मत द्या.

वर्षभर जो फिरकला नाही त्याचे आवाज काढून टाकायचे, हा त्यांचा नियम. व्हर्लिन गेल्या हिवाळ्यात गेला. मार्लिसला ते आवाज घरी उतरवून घेता आले असते. पण कपाटातलं ऐकणार कोण? म्हणून तिने प्रस्ताव लिहिला : गेलेल्यांचं राहू द्या.

मंडळीतला, कॅनडातल्या सस्कॅचवानचा ओरेस्ट ह्नाट्युक तुटून पडला. "मार्लिसबाई, ही विनवणी झाली, प्रस्ताव नव्हे. माणूस गेला हे ठरवणार कोण? जागा देणार कोण?"

"मेल्याच्या दाढीत बर्फ साचो," मार्लिस पुटपुटली, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहीत बसली. कलमं वाढली, विशेषणं गळली. शेवटी ठरलं : तिघे सभासद जागा द्यायला तयार असतील, तर गेलेल्याचे आवाज राहतील.

"आता नीट लिहिलंत," ओरेस्टने कळवलं. "तरी चूकच. मेलेल्यांनी घर भरलं तर जित्यांनी बसायचं कुठे?"

मतदानाच्या शेवटच्या सकाळी शेजारची गर्ट कॉफी प्यायला टपकली. बाजूने भरघोस मतं होती. पण सगळ्या सभासदांपैकी निदान एक तृतीयांश जणांनी, बाजूने असो वा विरुद्ध, मत दिलं नाही, तर प्रस्ताव बाद. आणि त्यात एक मत कमी होतं.

"एकच ना? मी देते की!"

"तू सभासद नाहीस गं बये."

"मग त्या ओरेस्टला गळ घाल."

"तो नुसता गप्प बसला तरी मी हरते. बोट कशाला हलवेल तो?"

दुपारच्या मुदतीला थोडाच अवधी उरला असताना आकडा हलला. विरुद्ध मत, ओरेस्ट ह्नाट्युक. त्या एका मताने संख्या भरली, आणि प्रस्ताव मंजूर झाला.

मार्लिसने एवढंच लिहिलं : "का?"

"प्रस्ताव चुकीचाच आहे, बाई. पुढच्या वर्षी तो रद्द करायला मी येणारच. पण माणसं आली नाहीत म्हणून जिंकायचं? छ्या!"

मार्लिस उठून उभी राहिली, का ते तिचं तिलाच कळलं नाही. कधी न पाहिलेल्या माणसाने, कुणी सांगितलं नसताना, स्वतः हरायला हात वर केला होता.

गर्टने चष्मा लावून ते नाव पुन्हा वाचलं. तिचा आवाज खाली आला. "काय गं, लग्न झालंय का याचं?"

"गप बस," मार्लिस म्हणाली. पडद्यावरची नजर काही तिने काढली नाही.