हजेरीचा कोरा कागद

भाऊंनी मला फसवलं. आणि गवताच्या गाठीत दडवलेली ओली पेंढी हात लावून ओळखणारा मी, फसलो.

भाऊ म्हणजे आमच्याकडचे जुने समाजवादी पुढारी. शहापूरला सभा असो की मुरबाडला, त्यांची एक गोष्ट ठरलेली. ग्रीस देशातला एक समाजवादी. लष्कराने त्याला धरून बेटावर कोंडलं. विचार सोडले असं लिहून सही कर आणि घरी जा, म्हणाले. त्याने सही केली नाही. पुढे सुटला, निवडून आला, मंत्री झाला. गवताच्या धंद्यात व्यापाऱ्यापुढे आपल्या दराला चिकटून राहायला मी त्या गोष्टीतून शिकलो.

गेल्या वर्षी ग्रामसभेत भाऊ तीच गोष्ट सांगत होते. गोष्ट बेटावर पोचली तेव्हा कोरे कागद फिरले. "हजेरी हाय, कर सही," शेजारचा म्हणाला. समोर भाऊ बसलेले. मी केली. त्याच सह्यांच्या वर नंतर ठराव उतरला: गावाचा माळ खडीच्या खाणीला द्यायला हरकत नाही.

माळाच्या पायथ्याला माझं घर. पहिल्याच सुरुंगाला एक दगड पत्रा फोडून आत आला. बायको तांदूळ पाखडता पाखडता नुकतीच पाण्याला उठली होती. सूप चेपलं. तेव्हापासून दुपारी बाराला सुरुंगाआधीचा भोंगा झाला की आम्ही दोघं दाराच्या चौकटीखाली उभे राहतो. रविवारी खाण बंद असते, तरी बाराला पाय आपोआप चौकटीकडे जातात.

ठरावाची नक्कल काढली. पहिली सही भाऊंची. तशीच घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"भाऊ, त्या ग्रीकाचं मंत्री झाल्यावर काय झालं?"

"मग त्यालाही पुष्कळ सह्या कराव्या लागल्या रे."

"हे तुमी कवा सांगितलं नाय."

"सांगितलं असतं तर सभेला आला असतास? बस, चहा घे."

"चहा नको. तुमी सही केली तवा कागद कोरा व्हता का लिहिलेला?"

भाऊ चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

भाऊ, तुमच्या घरापर्यंत भोंगा ऐकू येत नाही. एकदा दुपारी बाराला या, आमच्या चौकटीखाली उभे राहा, आणि तिथे सांगा: कागद कोरा होता की लिहिलेला?