न गळणारं वाद्य

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात ते फायबरच्या होड्या घासायचे. त्याआधी लाकडाच्या बांधायचे. टपरीवर चहा पितानाही बाकावर बोटाचं पेर वाजवून फळी आतून किडलीय का ते ऐकायची सवय सुटली नव्हती.

मी पेटी शिकवतो हे कळल्यावर एकदा त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्याकडच्या जुन्या फोटोत एक तांडेल मांडीवर होडीच्या आकाराचं तंतुवाद्य घेऊन गलबतावर बसला होता. मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांतून त्यांनी हुबेहूब तसंच वाद्य केलं होतं. पाणी शिरू नये म्हणून होडीला करतात तशी, सांध्यांत कापूस ठोकून वर राळ भरलेली. मी तार छेडली. आवाज आतल्या आत घुसमटला.

तारांखाली बोट ठेवून मी म्हटलं, "आवाज बाहेर यायला इथे भोक लागतं."

ते बराच वेळ त्या जागेवरून हात फिरवत राहिले. "मास्तर, उभा जन्म भोकं बुजवण्यात गेला. ह्या हातानं पाडवत नाय."

मी हसलो. पुन्हा त्यांनी मला बोलावलं नाही.

परवा हातखंब्याच्या एका हॉटेलात ते वाद्य दिसलं. तारा काढून भिंतीवर टांगलेलं, पोटात पिवळा दिवा. मालक कौतुकाने म्हणाला, "म्हाताऱ्याने स्वतः दिवा बसवून दिलान."

मी बोट ठेवलं होतं तिथेच गोल भोक होतं, काठ घासून गुळगुळीत केलेला. त्यातून उजेड चांगला बाहेर येत होता.