दसऱ्याला घासलेलं पेन

भिया लोक हो, आज माझं डोकं पार फिरलंय.

मध्यप्रदेश नवीन बनला तेव्हा आजोबांना त्यांच्या सरकारी दफ्तरातून एक फाउंटन पेन मिळालं होतं. त्याची किंमत विचारायला मी आणि बाबा शहरातल्या तुकोगंज भागात गेलो. तिथे जुन्या पेनांचे एक जाणकार राहतात. त्यांनी भिंग लावून खूप वेळ पाहिलं. "यावर कोरलेलं कंपनीचं नाव कुठे गेलं?"

बाबा अभिमानाने म्हणाले, "दर दसऱ्याला पूजेआधी मीच रांगोळीने घासतो. चमक बघा ना!"

"काकाजी, नावच घासून काढलंत. अब क्या पहचानूं, क्या कीमत बताऊं?"

मी कपाळावर हात मारला.

घरी येताच बाबा परत रांगोळी घेऊन बसले. म्हणे, त्या माणसाच्या बोटांचे डाग पडलेत!

तुमच्या घरी प्रेमाने कशाकशाची वाट लावलीय, सांगा तरी.