नलूताईंची दहा पावलं

नलूताई आमच्याकडे आल्या की कधी बसत नसत. खुर्ची पुढे केली तर तिची पाठ धरून उभ्या राहायच्या, दोन घोटांत चहा संपवायच्या आणि म्हणायच्या, "चल गं, बूट घाल. चपला नकोत. आज खिदिरपूर."

बँकेतल्या बदलीमुळे मी कोलकात्यात नवी होते. त्या खालच्या मजल्यावर एकट्या राहत. यजमान बंदरात अधिकारी होते. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. कॅनडातल्या मुलीने त्यांना फोनवर एक खेळ शिकवला होता, जिओकॅशिंग. हौशी लोक गावोगावी छोट्या डब्या लपवतात आणि ठिकाण फोनवर टाकतात. ज्याला डबी सापडेल त्याने आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि ती होती तिथे ठेवायची. फोन जेमतेम दहा पावलांवर आणून सोडतो. पुढे आपले डोळे.

नलूताईंना डबी क्वचितच मिळे. पण त्या दहा पावलांत भलतंच काही दिसे. कधी भिंतीत अर्धा बुजलेला सिंहमुखी नळ, कधी गवतातला मैलाचा दगड. खिदिरपूरला त्यांनी एका चहावाल्या मावशींना टपरीमागची पोती हलवायला लावली. खाली दगडी डोणी होती.

"घोड्यांना पाणी पाजायची आहे ही. काठ बघ कसा झिजलाय, माना घासून घासून."

मावशींनी काठावरून हात फिरवला. "बीस साल से इस पर बोरे रखती हूँ. कभी देखा ही नहीं."

"डबी नाहीच मिळाली," मी कुरकुरले.

"डबी कुणीतरी ठेवलेली असते गं. ही राहिलेली आहे." एवढं बोलून त्या पुढे निघाल्यासुद्धा.

रस्त्यात कुणी झोपलेला दिसला की मात्र त्या थांबत. वाकून बंगालीत विचारत, "दादा, भालो आछेन?" बरे आहात ना? झोपमोड झालेली माणसं खेकसत. मला लाज वाटे. एकदा परतीच्या बसमध्ये मी वैतागून म्हटलं, "नलूताई, एक रविवार घरी बसूया ना."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "हे याच रस्त्यावर पडले होते. ऑफिसातून येताना, भर रहदारीत. तासभर. लोकांना वाटलं, कुणी झोपलंय. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर..."

आमचा थांबा लांब होता, तरी त्या उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढे एका रविवारी दुपारी आम्ही हावड्याच्या फेरीधक्क्याजवळ डबी शोधत होतो. भिंतीच्या कडेला एक माणूस तोंडावर गमछा घेऊन पडला होता. नलूताईंनी दोनदा विचारलं. उत्तर नाही. त्यांनी गमछा दूर केला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"अँब्युलन्स बोलव! लवकर!" त्या मराठीतच ओरडल्या.

मी फोन लावला. माणसं जमली. नलूताई फूटपाथवर बसल्या, त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. गाडी येईपर्यंत मी येरझाऱ्या घालत होते; त्या हलल्या नाहीत.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "आपके कौन हैं?"

"कोई नहीं. दिख गए."

मग कॉरिडॉरमध्ये त्यांची चुळबुळ पुन्हा सुरू झाली. बाकड्यापासून दारापर्यंत, दारापासून बाकड्यापर्यंत. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "बेंचे जाबेन. ठीक शोमोये एनेछेन."

नलूताई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणाले?"

त्यांचं बंगाली माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

"वाचतील, म्हणाले. अगदी वेळेवर आणलंत."

त्या बाकड्यावर बसल्या. शेजारची जागा हाताने थोपटत म्हणाल्या, "बस इथे. परत एकदा सांग."