माझ्या रुखवताची टोपली

आमच्या हसनाबादकडं बांबूची टोपली आणली की तशीच वापरत न्हाईत. रद्दी कागद भिजवायचे, मेथी वाटून घालायची, कुटून लगदा करायचा अन् आतून-बाहेरून लिंपायचं. वाळली की पिठाचा कण गळत न्हाई. या कामात माझ्या आईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी चार दिवस जालन्याला मावशीकडं राहून परत आल्ते. नर्सिंगला माझा नंबर लागल्ता! फॉर्म भरताना झेरॉक्सवर भागलं होतं. आता परवा फक्त दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्टा अन् टीसी दाखवायची. अंगणात आई टोपली लिंपत बसल्ती.

"तुझ्या रुखवतात ठिवायला करून राह्यले गं," म्हणाली.

लग्न ठरणं तर सोडाच, मला बघायला अजून कुणी आलं नव्हतं. मी हसले अन् आत गेले. मार्कलिस्टा अन् टीसी ठेवलेली माझी कागदांची पिशवी खुंटीवर नव्हती.

"आई, माझी पिशवी?"

"ती व्हय? भिजवली की. लई चिवट कागद बाई, दोन दिवस लागले."

माझं डोकंच फिरलं. घमेल्यात हात घातला तर नुसता करडा चिखल. मी इतकी ओरडले की शेजारच्या बाया धावत आल्या. आईनं पदर डोळ्याला लावला.

"अगं, तिला वाचता येत न्हाई, तिला काय कळतंय?" बाया मलाच बोलू लागल्या. मंग काय, मीच वाईट!

बोर्डाकडं दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला. ती हातात यायच्या आत मुदत संपली अन् माझी जागा दुसरीला गेली. पुढच्या वर्षी वडील म्हणाले, आता बास झालं शिक्षण. लग्न लावून दिलं. रुखवतात बायांनी ती टोपली उचलून उचलून पाहिली, आईचं कौतुक केलं.

आज त्या टोपलीत मी लसूण ठेवते. बहिणी म्हणतात, "किती दिवस राग धरून बसशील? अडाणी बाई, चुकली." चुकली म्हणे!

लग्नाच्या आदल्या दिवशी साड्या काढायला मी आईची पेटी उघडली होती. तळाशी, स्वच्छ फडक्यात गुंडाळून भावाची दहावीची मार्कलिस्ट होती. तीन विषयांत नापास, वरून लॅमिनेशन केलेली. आईला वाचता येत न्हाई हे खरं. पण पोराचा कागद कोणता अन् पोरीचा कोणता, ते तिला बराबर कळलं होतं.