सांडलेला पाऊस

वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर गेनबा रेणुसे एकतीस वर्षं पाऊस मोजत आले. वर नरसाळं, खाली बाटली, बाहेरून पत्र्याचा डबा, एवढाच तो सरकारी पर्जन्यमापक. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. पोरीच्या लग्नादिवशीही हळदीच्या सदऱ्यात ते आधी मोजायचा ग्लास घेऊन निघाले आणि व्याही ताटकळत बसले. नोंदवहीवर त्यांचा एवढा जीव, की बायको सगुणाबाई तिला सवत म्हणायची.

पुण्याहून हवामानाची अभ्यासक प्रेरणा आली ती या वहीसाठीच. पुढच्या पन्नास वर्षांत पाऊस कसा पडेल, याचं संगणकाचं गणित तिच्याकडे होतं; पण त्या गणिताला डोंगर दिसत नव्हता. खाली भोरजवळ उत्रोलीच्या खाचरांवर आणि गेनबांच्या माथ्यावर ते सारखाच पाऊस पाडायचं. खऱ्या आकड्यांशी ताडून तिला ते दुरुस्त करायचं होतं.

दोन दिवस ती ओसरीवर वहीतले आकडे उतरवत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, मोठ्या पावसाचे सगळे आकडे दोनशे मिलिमीटरच कसे?"

"बाटलीच दोनशेची हाय."

"आणि भरून डब्यात सांडलेलं पाणी?"

"ते वतून द्यायचो. पायलीनं भात मोजताना मापाबाहेर सांडलेलं कुणी धरतं व्हय?"

डबा त्याच पाण्यासाठी असतो आणि तेही मोजायचं असतं, हे प्रेरणानं हळूच सांगितलं. गेनबांचा चेहरा उतरला.

"मंग एकतीस वर्सं वाया गेली म्हनायची," एवढंच ते बोलले. दुपारी जेवले नाहीत.

संध्याकाळी प्रेरणाचं बोट शेऱ्याच्या रकान्यात अडलं. प्रत्येक दोनशेपुढे बारीक अक्षरात एकच शब्द होता, 'सांडलं'.

"हे कशाला लिहिलंत?"

"सांडलं तर सांडलं लिवाय नगं? खोटं कशापायी ठेवायचं?"

"काका, मग वही वाया गेली नाही. त्या दिवशी दोनशेच्या वर पडला, एवढं कळलं की किती वर याचा अंदाज बांधता येतो. हा शब्द नसता तर कुठला दोनशे नेमका आणि कुठला सांडलेला, हे वहीवरून कळलंच नसतं."

गेनबांना सगळं उमगलं असं नाही, पण रात्री ते दोन भाकऱ्या जेवले.

चार दिवसांनी माथ्यावर आषाढाची झड लागली. साडेआठला गेनबांनी बाटली मोजली आणि मग डब्यातलं पाणीही ग्लासात घेतलं. तीनशे बारा. आयुष्यात एवढा मोठा आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर सवयीनं पेन 'सांडलं' लिहायला शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं. त्यांनी ते तसंच खिशाला लावलं.